सही करण्याआधी कंपनी कशी जोखायची

परभणी, हिंगोली, बीडकडच्या पोरांना छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज किंवा शेंद्र्याच्या एमआयडीसीत ऑफर आली की फोन येतो, "दादा, पॅकेज बरंय का?" पॅकेज कागदावर दिसतंच. तिथं माणसाला वागवतात कसं, हे कागदावर नसतं. एचआर सांगणार, "आमच्याकडं फॅमिलीसारखं वातावरण आहे." हे वाक्य ऐकलं की मला धडकीच भरते. घरात ओव्हरटाइम कोण मागतो?

येणाऱ्याशी सगळेच गोड बोलतात. मी बघतो ते, जाणाऱ्याला कंपनी कशी सोडते. म्हणून तिथून वर्ष-दोन वर्षांत बाहेर पडलेला माणूस शोधा. लिंक्डइनवर सापडतो, नाहीतर कॉलेजच्या ग्रुपवर कुणाचा तरी रूममेट निघतोच. "कंपनी कशी आहे?" विचारलंत तर "ठीक आहे" एवढंच ऐकायला मिळेल. नेमकं विचारा: राजीनामा दिल्यावर साहेबांचं बोलणं बदललं का? रिलीव्हिंग लेटरसाठी, म्हणजे नोकरीतून मोकळं केल्याच्या पत्रासाठी, किती चकरा माराव्या लागल्या? फुल अँड फायनल, म्हणजे शेवटचा हिशेब, कधी झालं? नव्या वेतन संहितेप्रमाणे नोकरी सुटल्यावर पगाराचा हिशेब दोन कामाच्या दिवसांत व्हायला हवा. थोडा उशीर मी चालवून घेईन, पण लेटर अडवून माणसाला ताटकळत ठेवणाऱ्या कंपनीत पाऊल टाकू नये, पगार कितीही असो.

दुसरी गोष्ट घरबसल्या होते आणि फार कमी पोरं ती करतात. ईपीएफओच्या, म्हणजे पीएफ सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेच्या, वेबसाइटवर आस्थापना (म्हणजे कंपनी) शोधायची सोय आहे. कंपनीचं नाव टाकलं की कोणत्या महिन्याचा पीएफ कोणत्या तारखेला भरला आणि किती जणांचा भरला, हे दिसतं. भरणा पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत व्हायला हवा. एखादा महिना मागंपुढं झाला तर सोडून द्या. दर महिन्याला उशीर दिसत असेल तर पगारही असाच रखडत असणार, असं मी धरून चालतो. माणसांचा आकडाही बघा. इंटरव्ह्यूत "आमच्याकडं तीनशे लोक आहेत" म्हणाले आणि पीएफ साठ जणांचाच दिसला, तर बाकीचे बहुतेक ठेकेदाराच्या नावावर आहेत. मग ऑफर लेटरवर कंपनीचं नाव आहे की ठेकेदाराचं, ते दोनदा वाचा. 'ऑन रोल' (कंपनीच्या स्वतःच्या पटावर) हा शब्द तोंडी ऐकून खूश होऊ नका.

जमलं तर एकदा गेटवर जा. जनरल शिफ्ट सुटायची वेळ साधा आणि स्टाफची बस वेळेवर भरून निघते की रिकामीच उभी राहते, ते बघा. समोरच्या टपरीवर चहा घ्या. वाळूजजवळच्या रांजणगाव, बजाजनगरला खोल्या करून राहणारी कंत्राटी पोरं तिथं मोकळं बोलतात. ओव्हरटाइम सिंगल देतात की डबल, एवढंच विचारा. कायद्यानं कामगाराला दुप्पट दरानं मिळायला हवा. स्टाफला बहुतेक ठिकाणी ओव्हरटाइम नसतो, तेव्हा तुम्ही कॉम्प ऑफचं, म्हणजे जादा कामाच्या बदल्यात मिळणाऱ्या सुटीचं, विचारा. पोळ्याला सुटी मागितली तर साहेब काय म्हणतात, तेही विचारून घ्या. गावाकडच्या माणसाला त्यावरून बरंच कळतं.

मुलींनी एक प्रश्न जास्तीचा विचारावा: अंतर्गत समितीत कोण कोण आहे? दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी २०१३ च्या कायद्यानं लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी ही समिती हवीच, आणि तिची माहिती दिसेल अशी लावायची असते. एचआर अडखळला तर समिती कागदावरच आहे असं समजा. रात्री उशिरा सुटलात तर घरापर्यंत गाडी मिळते की फक्त नाक्यापर्यंत, हेही तिथंच विचारा.

बाँड (ठरावीक मुदतीआधी सोडलं तर पैसे भरायचा करार) असेल तर रक्कम आणि मुदत लेखी मागा. ओरिजिनल मार्कशीट पडताळणीला दाखवायची आणि त्याच दिवशी घरी आणायची. "फाइलला राहू दे" म्हणाले तर झेरॉक्स द्या. तरीही ओरिजिनलच हवी म्हणून अडून बसले, तर दुसरा इंटरव्ह्यू बघा.