एका कुंडीत नांदतील अशी झाडं

कोलियसची तांबडी-पोपटी पानं आणि जेडची जाड, चकचकीत पानं शेजारी शेजारी फार देखणी दिसतात. गंगापूर रोडवरच्या एका नर्सरीतून दोन्ही आणली आणि एकाच कुंडीत लावली. जूनपर्यंत येणारा-जाणारा थांबून बघायचा. श्रावणात जेडचा देठ सहज दाबून पाहिला, तर पिकल्या केळ्यासारखं बोट आत गेलं. रोग वगैरे काही नव्हता. कोलियसला रोज पाणी लागतं म्हणून मी रोज घालत होते आणि जेडची मुळं त्यात कुजत होती. तेव्हापासून मी आधी झाडाची तहान बघते, रंग नंतर.

मिश्र कुंडी करायची तर नर्सरीत जाण्याआधी घरचं ऊन बघा. एखाद्या सुट्टीच्या दिवशी सकाळी नऊ, दुपारी बारा आणि चार वाजता गॅलरीत डोकावा. चार तास किंवा जास्त थेट ऊन येत असेल तर ती उन्हाची जागा, नाहीतर सावलीची. आपल्या नाशिकची हवा थंड म्हणतात खरी, पण एप्रिलात पश्चिमेच्या गॅलरीचा कठडा दुपारी हात लावू देत नाही. तिथे कोलियस दोन दिवसांत करपतं.

कुंडी निदान १४ ते १६ इंची घ्या. तीन झाडांची मुळं दहा इंचात मावत नाहीत. मातीची कुंडी मुळांना थंड ठेवते, पण लवकर सुकते. प्लॅस्टिकची हलकी असते, पण पावसाळ्यात ओल धरून ठेवते. १६ इंची कुंडी भिजली की ४० किलोच्या आसपास सहज जाते, म्हणून ती कठड्यावर कधीच ठेवू नका. भिंतीलगत, जमिनीवर ठेवा. तळाला भोक हवंच. त्यावर एक खापरी उपडी ठेवली की पुरे. खडीचा थर देऊन निचरा सुधारत नाही, उलट मुळांची जागा कमी होते.

माती हा आपल्याकडचा खरा प्रश्न. शेतातली काळी माती आयती मिळते, पण ती पावसात चिकट गोळा होते आणि उन्हाळ्यात भेगाळून कुंडीच्या कडेपासून सुटते. मग वरून घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली जातं आणि मुळं कोरडीच राहतात. दोन भाग लाल माती, एक भाग भिजवून पिळलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, वर मूठभर निंबोळी पेंड. हे मिश्रण मुठीत दाबलं की गोळा व्हावा आणि टिचकी मारली की फुटावा.

आता झाडं. एक उंच, एक-दोन भरगच्च आणि एक काठावरून ओघळणारं, एवढं गणित पुरतं. उन्हातल्या गॅलरीसाठी माझी आवडती कुंडी अशी: मधे पिवळ्या-तांबड्या पानांचा क्रोटन, भोवती पांढरी सदाफुली आणि काठाला जांभळ्या पानांची पसरणारी वेल. ती नर्सरीत ‘पर्पल हार्ट’ म्हणून मिळते. पिवळ्यासमोर जांभळा उठून दिसतो आणि पांढरी फुलं संध्याकाळच्या अंधारातही दिसतात. क्रोटनचा चीक त्वचेला झोंबतो आणि सदाफुली पोटात गेली तर विषारी, म्हणून रांगतं मूल किंवा पाळीव जनावर असेल तर ही कुंडी त्यांच्यापासून दूर ठेवा. सकाळचं कोवळं ऊन येणाऱ्या जागी मधे नेचे, शेजारी गडद कोलियस, काठावरून पोपटी मनीप्लांट. तिघांनाही ओल आवडते. वारंवार गावाला जाणाऱ्यांनी स्नेक प्लांट आणि जेड एकत्र लावावं, मिश्रणात वाळू वाढवावी.

रंग फार घेऊ नका. तीन पुरे. पानांचा रंग वर्षभर टिकतो, फुलं येतात नि जातात, म्हणून आधी पानांची जोडी जमवा.

लावण्याआधी झाडं पिशवीसकट कुंडीत मांडून चार पावलं मागे जा. कुंडी भिंतीला टेकणार असेल तर उंच झाड मागे, चारी बाजूंनी दिसणार असेल तर मधे. मग पिशवी कापा. मुळं गोल गोल गुंडाळलेली असतील तर खालची बोटांनी हलकेच मोकळी करा, नाहीतर ती नव्या मातीत शिरत नाहीत. देठ पिशवीत जेवढा मातीत होता तेवढाच ठेवा. काठाच्या दोन बोटं खालपर्यंत माती भरा, तळातून पाणी येईपर्यंत घाला आणि चार-पाच दिवस सावलीत राहू द्या.

पुढे पाणी घड्याळाप्रमाणे घालू नका. बोट दोन पेरं मातीत घाला, कोरडं लागलं तरच पाणी घाला. जुलै-ऑगस्टमध्ये झड लागली की कुंडीखालच्या ताटल्या काढून टाका. कोलियसचे शेंडे दर दोन-तीन आठवड्यांनी खुडले, तुरे दिसताच काढले, तरच ते भरगच्च राहतं. थंडीत पारा दहाच्या खाली गेला की कोलियस भिंतीच्या उबेला सरकवा.

ऑक्टोबरात बागायतदार द्राक्षाची गोडी छाटणी, म्हणजे फळ धरण्यासाठीची छाटणी, करतात, त्याच सुमारास कुंडीलाही हात लावा. पावसाने लांबट झालेल्या फांद्या कापा, वरची दोन इंच माती खरवडून तिथे खत घाला. सदाफुली दमली असेल तर तिच्या जागी पेटुनिया लावा, थंडीभर फुलतो. मार्चअखेर तो वाळला की पुन्हा सदाफुली. द्राक्षाच्या फांद्या पार आखूड कापणाऱ्या एप्रिलमधल्या खरड छाटणीची नक्कल मात्र इथे नको. त्या उन्हात पानांची सावलीच कुंडीतली माती थंड ठेवते.