नोपालमधल्या चांदण्या: बघायच्या कशा आणि भाजी करायची कशी

लेकीच्या सायन्स प्रोजेक्टसाठी स्वस्तातला मायक्रोस्कोप आणलेला, म्हटलं भाजीला आणलेल्या नोपालचाच तुकडा ठेवून बघू, आणि बघते तर आत चांदण्याच चांदण्या!

नोपाल म्हणजे आपल्या फड्या निवडुंगाच्या नात्यातलाच. मेक्सिकोत रोजची भाजी आहे ही, मेक्सिको सिटीच्या मिल्पा आल्ता भागात याची शेतंच्या शेतं आहेत, आणि इकडे टेक्सासमध्ये मेक्सिकन दुकानात काटे काढलेली पानं मिळतात (पान म्हणायचं आपलं, खरं तर ते खोड).

बघायचं असेल तर वरची साल एकदम पातळ काढा, ब्लेडने, कारण या चांदण्या म्हणजे बारीक खडे (स्फटिक) आणि ते सालीच्या लगेच खाली दाटीने असतात. काचेवर ठेवून पाण्याचा थेंब टाका. पोलराइज्ड गॉगलच्या दोन काचा मिळाल्या तर एक खाली, एक वर धरायची आणि वरची हळूहळू फिरवायची, मागचं सगळं काळं होतं आणि खडे तेवढे चमकतात. गोल, चहूबाजूंनी टोकं आलेली, काटेरी लाडवासारखी. हे कॅल्शियम ऑक्झलेट, बहुतेक मुतखडेही याचेच असतात. अळूतही हेच असतं, पण तिथे सुयांच्या जुड्या असतात म्हणून घसा खवखवतो, इथे तसं होत नाही. आणि हाताला टोचतात ती कुसळं वेगळी बरं का, ती खडे नाहीत, ती सुरीने खरवडूनच काढायची.

आता भाजी. उकळून खडे जातील असं वाटत असेल तर नाही जात, पाण्यात विरघळतच नाहीत, व्हिनेगरचाही काही उपयोग नाही. उकळून पाणी ओतून दिलं की खड्यांत न अडकलेलं, पाण्यात विरघळणारं ऑक्झलेट तेवढं कमी होतं, म्हणून मी ते पाणी रश्शाला वापरत नाही. पॅकेटवर कॅल्शियम भरपूर लिहिलेलं असतं पण त्यातलं बरंच या खड्यांत अडकलेलं, अंगी लागत नाही, तेव्हा कॅल्शियमसाठी नोपाल खाऊ नका, चवीसाठी खा. सोबत दही किंवा चीज घ्या, त्यातलं कॅल्शियम उरलेल्या ऑक्झलेटला पोटातच धरून ठेवतं. मुतखड्याचा त्रास असलेल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारूनच खायचं.

बुळबुळीतपणा भेंडीपेक्षा जास्त असतो, मेक्सिकन लोक त्याला चक्क 'बाबा' म्हणतात. तुकडे मिठाच्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटं उघड्या भांड्यात उकळा, चाळणीत ओतून गार पाण्याखाली धरा, मग कोरड्या तव्यावर कांदा-मिरचीबरोबर परता. झाकण ठेवलंत तर बाबा परत आलाच समजा.