वीस टक्क्यांचा वाटा श्रमदानातून

अमेरिकेत पायवाटेसाठी फेडरल निधी मंजूर झाला, तरी खर्चाचा साधारण २० टक्के वाटा आपण उभा करायचा असतो. छोट्या गावांचं घोडं तिथेच अडतं. 'रिक्रिएशनल ट्रेल्स प्रोग्राम' या पायवाटांसाठीच्या फेडरल अनुदान योजनेत तो रोखच हवा असं नाही. दान मिळालेलं साहित्य, जमीन, स्वयंसेवकांचं श्रमदानही त्यात धरता येतं.

१. अर्जाआधीच राज्याच्या संबंधित विभागाला श्रमदानाचा तासाचा मान्य दर विचारा.
२. प्रत्येक वेळी जागेवरच हजेरी भरा: नाव, तारीख, तास, काय काम केलं आणि सही. महिनाअखेरीस आठवून भरलेला कागद लगेच ओळखू येतो!

मात्र मंजुरीपूर्वी उत्साहात उरकलेलं काम सहसा हिशेबात धरत नाहीत, तेव्हा पत्र हाती येईपर्यंत कुदळ उचलू नका.