क्रूझरला हवा किती मारायची? साइडवॉलवरचा आकडा सोडा, स्टिकर शोधा

पहिली क्रूझर, म्हणजे लांब, जड, खाली बसायची मोटरसायकल, घेतली तेव्हा मी अतिशहाणपणा केला होता. खाली वाकून टायरच्या बाजूवरची बारीक अक्षरं वाचली, तिथे ४२ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) लिहिलेलं, म्हटलं कंपनीनेच लिहिलंय की, आणि पुढेमागे दोन्हीकडे ४२ मारून मोकळा झालो. महिनाभर गाडी अशी उडत होती की पाठीचा एकेक मणका मोजता यावा, आणि मी बिचाऱ्या शॉकअपला शिव्या घालत होतो.

तर सगळ्यात आधी हे. साइडवॉलवरचा आकडा तुमच्या गाडीसाठी नसतोच, त्या टायरला तुमची गाडी कुठली हे माहितीच नाहीये. त्याचा अर्थ एवढाच की या टायरवर त्याच्या क्षमतेइतकं पूर्ण वजन टाकायचं असेल तर थंड असताना इतकी हवा लागते. साइझच्या शेवटी ७७एच किंवा ७३एच असं काहीतरी असतं ना, त्यातला ७७ म्हणजे ४१२ किलो आणि ७३ म्हणजे ३६५ किलो, एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंत. हे ४१२ किलो पेलायचे तर हवा पूर्ण पाहिजे, कमी हवेत टायर तेवढं वजन घेणार नाही. म्हणजे तो आकडा वरची मर्यादा म्हणून डोक्यात ठेवायचा, बस.

तुमचा खरा आकडा गाडीवर असतो. स्विंगआर्मवर, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावर बघा, चेन किंवा बेल्टच्या कव्हरवर बघा, हँडलच्या खाली फ्रेमच्या नळीवर बघा, कुठेतरी स्टिकर सापडेल, नाहीतर मॅन्युअलमध्ये नक्की असतोच. बऱ्याचदा सिंगल सीट आणि डबल सीटचे आकडे वेगळे दिलेले असतात, ते दोन्ही फोनमध्ये फोटो काढून ठेवा. हलक्या क्रूझरला पुढे २८-३० च्या आसपास निघेल, जाडजूड मोठ्या गाड्यांना पुढे ३६ आणि मागे ४०-४२ पर्यंत जातं, म्हणून मित्राच्या गाडीचा आकडा आपल्या गाडीला लावायचा नाही. मॅन्युअलमध्ये बार किंवा केपीए दिलं असेल तर १ बार म्हणजे साडेचौदा पीएसआय, आणि २५० केपीए म्हणजे साधारण ३६. टायर वेगळ्या कंपनीचा टाकला असेल आणि त्या कंपनीच्या तक्त्यात तुमच्या मॉडेलला स्टिकरपेक्षा जास्त हवा सांगितली असेल तर ती घ्या. कमी सांगितली असेल तर मी तरी स्टिकरच धरतो.

आता क्रूझरचंच वेगळं का, तर गाडी जड, लांब, आणि सीट जवळजवळ मागच्या चाकावर. मागे बसणारा माणूस तर अक्षरशः मागच्या एक्सलवरच बसलेला असतो, त्यात सॅडलबॅगा भरल्या की सगळं ओझं मागेच जातं. त्यामुळे डबल सीट निघताना मागची हवा डबल सीटच्या आकड्यावर न्यायची, पुढची स्टिकर सांगतो तेवढीच, बहुतेक वेळा ती बदलावी लागत नाही. एकटेच आहात पण बॅगा ठासून भरल्यात तरी मी डबल सीटचाच आकडा धरतो. आणि हवा वाढवली म्हणून गाडीची वजन उचलायची मर्यादा वाढत नाही, हे पण सांगून ठेवतो, लोक टूरला निघताना घर बांधून नेतात.

बऱ्याच क्रूझरना मागे शॉकअपची हालचाल कमी असते, खड्ड्यात दणका बसतो, मग माणूस म्हणतो चार पीएसआय काढून टाकू, मऊ लागेल. लागतं मऊ, खोटं नाही. पण वळणावर मागचा भाग डुलायला लागतो, हँडल जड होतं, टायरची बाजू सारखी दुमडून दुमडून तापते, आधीच फुटरेस्ट जमिनीला घासणारी गाडी अजून थोडी खाली बसते आणि एखादा खोल खड्डा थेट रिमला लागतो. तारांचं चाक आणि आत ट्यूब असेल तर त्याहून वाईट, हवा कमी असली की टायर रिमवर हळूहळू सरकतो, सोबत ट्यूबला ओढतो आणि वॉल्व मुळातून फाटतो. तेव्हा हवा हळूहळू जात नाही, एकदम जाते.

हवा बघायची ती थंड टायरमध्ये. थंड म्हणजे गाडी तीन तास तरी उभी, किंवा जेमतेम दीड किलोमीटर चाललेली, आणि उन्हात एका बाजूने भाजत उभी नाही. तापमानात १० अंशांचा फरक पडला की ३६ च्या टायरमध्ये पावणेदोन पीएसआयचा फरक पडतो, म्हणजे ३५ अंशांत बरोबर भरलेली हवा १० अंशांच्या पहाटे चारेक पीएसआयने कमी दिसणार, पंक्चर नसतानाही. त्यात टायर आपला आपण महिन्याला एक-दोन पीएसआय सोडतोच. आणि हायवेवर तासभर चालवून थांबलात, मीटरने ४० दाखवलं, स्टिकर म्हणतो ३६, म्हणून चार काढायची, हे कृपा करून करू नका. ते वाढणं हिशोबात धरलेलंच असतं, आत्ता काढलीत तर उद्या सकाळी टायर ३२ वर असेल.

उलट या गरम आकड्याचा उपयोग करून घ्या. चालवणाऱ्यांमध्ये एक ठोकताळा आहे, थंड आकड्यापासून साधारण १० टक्के वाढ झाली तर हवा जमलीय. सकाळी ३६ होती, वीस-तीस मिनिटं नेहमीच्या वेगाने चालवली, थांबल्या थांबल्या मोजली, ३९-४० आली, छान. ४३ च्या वर गेली म्हणजे टायर फार वाकतोय आणि तापतोय, दुसऱ्या दिवशी थंड असताना दोन वाढवा, साइडवॉलची मर्यादा न ओलांडता. जेमतेम ३७ झाली तर टायर कडक आहे, स्टिकरपेक्षा जास्त भरली असेल तर एक-दोन कमी करून बघा, पण स्टिकरच्या खाली जायचं नाही. हे सगळं एकाच दिवशी करा, सकाळी थंडी आणि दुपारी रणरणतं ऊन असेल तर हिशोब चुकतो. आणि तुमचा नेहमीचा गरम आकडा एकदा कळला की प्रवासात अधेमधे मोजली तरी हवा कमी झालीय का ते लगेच कळतं.

टायरची झीज बघून लोक हवा ठरवतात, त्यात क्रूझरवाले हमखास फसतात. मधला पट्टा सपाट झाला म्हणजे हवा जास्त, असं सरसकट धरतात, पण क्रूझर बहुतेक वेळ सरळच चालते हो, मधलाच पट्टा रस्त्याला लागतो, तो बरोबर हवेतही आधी झिजणार. त्यासाठी हवा काढू नका. पुढच्या टायरवर मात्र हात फिरवून बघा, एका दिशेने गुळगुळीत आणि उलट्या दिशेने करवतीसारखं लागलं तर आधी हवा कमी राहत होती का ते तपासा, शॉकअप नंतर.

पावसात हवा कमी केल्याने ग्रिप वाढते असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, हवा कमी झाली की खाचा दबतात, पाणी बाहेर फेकलं जात नाही आणि टायर कमी वेगातच पाण्यावर तरंगायला लागतो. डोंगरावर जाताना मीटर थोडं जास्त दाखवतं कारण बाहेरचा दाब कमी होतो, पण वर थंडीही असते, हजार मीटर उंचीला दोन्ही मिळून अर्धा पीएसआय फरक पडतो, सोडून द्या. नायट्रोजन? साध्या हवेत ७८ टक्के तोच असतो. फुकट मिळाला तर भरा.

मीटर मात्र स्वतःचं ठेवा. हवा भरायच्या ठिकाणची मीटरं दिवसभर आपटत असतात, दोन ठिकाणी दोन आकडे येतात. स्वतःचं मीटर एखाद्या पीएसआयने चुकत असलं तरी रोज तेवढंच चुकतं, तेवढं आपल्याला पुरतं. क्रूझरला दोन्ही बाजूंच्या डिस्क आणि बेल्टची पुली यांच्यामध्ये वॉल्व अडकलेला असतो, सरळ नळी जातच नाही, म्हणून वाकड्या तोंडाचं घ्या. टोपीच्या जागी बसणारे सेन्सर लावणार असाल तर वॉल्व धातूचा करून घ्या, वेगात ते वजन रबरी वॉल्वला वाकवतं. मोजून झालं की वॉल्वच्या तोंडावर थुंकीचं बोट लावा, बुडबुडा आला तर पिन घट्ट करा, आणि आत रबरी वॉशर असलेली टोपी परत लावा, खिशात घालून घरी नेऊ नका.