खुब्याची फिजिओ सुरू करताय? आधी टेप शोधा

मागच्या पावसाळ्यात मी डाव्या खुब्यासाठी फिजिओच्या अठरा फेऱ्या मारल्या आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त वाया घालवल्या. फाइल होती, रजा होती, पैसे बाजूला काढलेले होते, उत्साह तर विचारूच नका. घरातल्या बसायच्या जागांची उंची तेवढी मोजली नव्हती. आता आमच्या मोठ्या जाऊबाईंना तेच निदान झालंय, खुब्याच्या सांध्याची झीज. त्यांनी फोनवर विचारलं, "काय काय तयारी करू गं?" फोनवर निम्मंच सांगून झालं, म्हणून सगळं लिहून काढते आहे.

तर पहिली वस्तू टेप. शिवणाच्या डब्यातली चालेल, सुताराची असली तर उत्तम. कशाला ते पुढे येईलच. आत्ता ती कुठल्या खणात आहे तेवढं बघून ठेवा.

कागदपत्रांचं फार सांगत नाही. एक्स-रे, रक्ताचे रिपोर्ट, चालू गोळ्यांची यादी. यादी मात्र खरी करा. बीपी, साखर, रक्त पातळ करायची गोळी, आणि कोणीतरी गावाहून आणून दिलेली "सांधेदुखीवरची पुडी" सुद्धा. विनालेबलच्या अशा काही पुड्यांमध्ये स्टिरॉइड मिसळलेलं सापडतं आणि माणसाला वाटतं, काय गुण आला! स्टिरॉइड जास्त काळ पोटात गेलं तर मांडीच्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो. तो आजार वेगळा, त्याची वाट वेगळी. कोविडनंतर असे रुग्ण दिसल्याचं मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ साली नोंदवलं होतं आणि ते वयाने चाळिशीच्या आतले होते. हा आजार सुरुवातीला साध्या एक्स-रेत दिसत नाही, एमआरआय लागतो. त्यामुळे वय कमी असेल, स्टिरॉइड घेतलेलं असेल किंवा दारू जास्त असेल, तर "झीजच असणार" असं घरच्या घरी ठरवून व्यायामाला लागू नका.

दुखतं कुठे, हेही आधी बोट ठेवून बघा. खुब्याचं दुखणं बहुतेकदा जांघेत असतं, मांडीच्या पुढून खाली उतरतं आणि कधी कधी नुसतं गुडघ्यातच बोलतं. मी चार महिने गुडघ्याला पट्टा बांधून हिंडले. कुशीवर झोपल्यावर बाहेरच्या बाजूला टोचत असेल तर ते बऱ्याचदा स्नायूंच्या दोरीचं असतं, आणि कुल्ल्यातून पोटरीकडे कळ जात असेल तर कंबर तपासून घ्यावी. माझी खरी खूण वेगळीच निघाली, डाव्या पायाची नखं कापता येईनात. पायमोजा चढवणं, नखं कापणं, रिक्षातून उतरताना पाय बाहेर काढणं, यातलं काय काय अडतं ते एका कागदावर लिहून न्या. "खूप दुखतं हो" यावरून कोणालाच काही करता येत नाही. पडल्यानंतर पायावर भारच देता येत नसेल, ताप असेल, किंवा रात्रभर पडल्या पडल्याही ठणकत असेल, तर फिजिओ राहू द्या, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

आता टेप. झिजलेल्या खुब्याला सगळ्यात नकोशी असते खोल घडी. गुडघा कमरेच्या वर गेला की हाडाचा गोळा आणि खोबणीची कड जांघेपाशी एकमेकांना चेपतात, आणि उठताना अंगाचं वजन त्याच वाकलेल्या सांध्यावरून उचलावं लागतं. मी फिजिओत अर्धा तास नेटाने पाय उचलायचे आणि घरी येऊन दिवाणावर बसायचे. पाचव्या आठवड्यात तिथे व्यायाम करून घेणाऱ्या मुलीने विचारलं, "काकू, दुखणं हलत का नाहीये? घरी कशावर बसता?" म्हटलं, दिवाणावर. "किती उंच आहे?" मला सांगता येईना. तिथूनच घरी फोन लावला. "अहो, जरा दिवाण मोजा बरं." पलीकडून उत्तर आलं, "का, विकायचाय?"

मोजला. जमिनीपासून १४ इंच, आणि कोणी बसल्यावर गादी दबून १२. माझ्या गुडघ्याच्या मागची लवण जमिनीपासून १६ इंच. म्हणजे दिवसातून वीसेक वेळा मी चार इंच खड्ड्यात बसत होते आणि जांघ चेपत उठत होते. वर आंघोळीचं प्लास्टिकचं स्टूल ९ इंच, आणि देवपूजेचा पाट तर विचारूच नका. सकाळचा व्यायाम संध्याकाळपर्यंत पुसून टाकायची सोय मी स्वतःच करून ठेवली होती.

मोजायची रीत अशी. आधी स्वतःला मोजा: घरात घालता त्या चपला घालून, पाऊल सपाट टेकवून, जमिनीपासून गुडघ्यामागच्या लवणीपर्यंत. बसायची प्रत्येक जागा त्याहून एक-दोन इंच वर हवी. पाय लोंबकळतील इतकी वर नको. जागा मोजताना कोणाला तरी त्यावर बसवा, कारण सोफा दिसतो १७ इंच आणि बसलं की १३. पलंग, दिवाण, सोफा, जेवायची खुर्ची, कमोड, आंघोळीचं स्टूल, गॅलरीतला मोढा, ऑफिसची खुर्ची. सगळं. "कमोड काय मोजायचा" म्हणून सोडू नका, तोच दिवसातून पाच-सहा वेळा लागतो. त्यावर बसवायची उंच सीट सर्जिकल सामानाच्या दुकानात मिळते. भारतीय पद्धतीचा संडास असेल किंवा चाळीतला सामायिक असेल, तर घडीची कमोड खुर्ची. पलंगाखाली सुताराकडून खाचेचे लाकडी ठोकळे करून घ्या. विटा लावू नका, सरकतात. प्लास्टिकच्या दोन खुर्च्या एकात एक घातल्या तरी थोडी उंची वाढते, आमच्याकडे आरतीच्या वेळी मी त्याच सिंहासनावर असते. जमिनीवर मांडी कायमची बंद, असं नाही. काहींना जमते. पण दुखणं भडकलेलं असताना ती परीक्षा द्यायची गरज नाही.

हे सगळं पहिल्या फेरीच्या आधी. पाचव्या आठवड्यात नव्हे.

काठीची लाज सोडा, पण ती उलट्या हातात धरा. डावा खुबा दुखतोय तर काठी उजव्या हातात. डाव्या पायावर उभं राहिलं की कंबर तिरकी होऊ नये म्हणून डाव्या कुल्ल्याचे स्नायू जोर लावतात आणि तो जोरही सांध्यावरच पडतो. म्हणून साध्या चालण्यात खुब्यावर अंगाच्या वजनाच्या साधारण अडीचपट भार येतो. उजवीकडच्या काठीने त्या स्नायूंचं काम हलकं होतं. मी कित्येक दिवस दुखऱ्या बाजूलाच धरली, कारण उजव्या हातात छत्री! मुंबईच्या पावसात छत्री, काठी आणि भाजीची पिशवी हे गणित सुटत नाही. रेनकोट आणि पाठीवरची सॅक घ्या. काठीची मूठ, हात सैल सोडल्यावर मनगटाच्या घडीशी यावी. (ही उंची कशाने मोजणार? बरोबर.) खालचं रबर गुळगुळीत झालं असेल तर बदला, स्टेशनच्या ओल्या लादीवर ते दगा देतं.

फिजिओची जागा निवडताना नावापेक्षा जिना बघा. माझी पहिली जागा दुसऱ्या मजल्यावर होती, लिफ्ट "दुरुस्तीला". चढताना चांगला पाय आधी, उतरताना काठी आणि दुखरा पाय आधी, हे मी तिथे पाठ केलं. लोकलने जाणार असाल तर अकरानंतरची वेळ मागा. दादरचा पूल सकाळी नऊला चढणं हा काही व्यायामप्रकार नाही. खाजगी परवडत नसेल तर केईएम, नायर, सायन या पालिकेच्या रुग्णालयांत फिजिओ विभाग आहेत, आणि हाजी अलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था १९५५ पासून आहे. रांग असते. डबा न्या.

आणि पहिल्याच दिवशी विचारा, "माझ्याकडून व्यायाम काय करून घेणार?" माझ्या पहिल्या जागी वीस मिनिटं मशीनचे पॅड लावून झोपवायचे आणि दहा मिनिटं पाय हलवायला सांगायचे. झोप छान लागायची. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०२२ साली झिजेच्या संधिवातासाठी जी मार्गदर्शक सूत्रं काढली, त्यांत मुख्य उपचार म्हणून व्यायाम, वजन आटोक्यात ठेवणं आणि आजाराची नीट माहिती धरली आहे. टेन्स आणि आयएफटी (पॅडमधून हलकी वीज सोडणारी), अल्ट्रासाउंड असली यंत्रं देऊ नका असं म्हटलंय, कारण फायद्याचा पुरेसा पुरावा नाही. शेकाने स्नायू सैल होतात, ते घरी गरम पाण्याच्या पिशवीनेही होतं. पैसे व्यायाम शिकायला द्या.

व्यायाम साधेच असतात. उताणं झोपून कंबर उचलणं, कुशीवर झोपून शिंपल्यासारखा गुडघा उघडणं, ओट्याला धरून पाय बाजूला आणि मागे नेणं, खुर्चीतून हात न लावता उठणं-बसणं. हो, खुर्ची. किती इंचांची? मोजली नसेल तर हा व्यायाम करूच नका, मी १२ इंची दिवाणावर दहा-दहा वेळा केला आणि दोन दिवस लंगडले. प्रत्येक व्यायाम स्वतः करतानाचा व्हिडिओ काढून घ्या. लिहून आणलेलं "पाय बाजूला, १० वेळा" घरी आल्यावर काहीही अर्थाचं होतं. व्यायाम करताना थोडं दुखणारच. मला दिलेला नियम असा: दहापैकी पाचाच्या आत दुखावं आणि चोवीस तासांत मूळ पातळीवर यावं. नाही आलं तर व्यायाम बंद नाही, कमी. कॅलेंडरवर रोज एक आकडा लिहा. फरक पडायला सहा ते बारा आठवडे लागतात, तिसऱ्या दिवशी "काही उपयोग नाही" म्हणून जागा बदलू नका. पाण्यात चालायला जमत असेल तर फारच छान, शिवाजी पार्कला पालिकेचा तलाव आहे. फक्त शिडीने उतरायला जमेल का, ते आधी काठावर उभं राहून बघा.

तेल चोळा, बरं वाटतं. पण खुब्याचा सांधा इतका खोल असतो की मलम तिथवर पोचण्याची आशा धरू नका. सूज-दुखीच्या गोळ्या पोट, किडनी आणि बीपीला त्रास देतात. डॉक्टरांना विचारून, कमीत कमी डोस, कमीत कमी दिवस. मेडिकलवाल्याने "ही घ्या, सगळे घेतात" म्हटलं तरी नाही. सांध्यांसाठी म्हणून विकतात त्या ग्लुकोसामाइनवर मी पैसे घातले. नाइसची ती सूत्रं त्यालाही नाहीच म्हणतात, हे नंतर कळलं.

वजन: पाच किलो उतरलं तरी वरचं अडीचपटीचं गणित आठवा. इंजेक्शन: स्टिरॉइडचं असेल तर सोनोग्राफी किंवा एक्स-रेत बघून देतात, आराम थोडे आठवडे टिकतो, आणि पुढच्या तीन महिन्यांत ऑपरेशन ठरत असेल तर आधी सर्जनला सांगायचं, जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. ऑपरेशन: नुसता एक्स-रे बघून ठरत नाही. झोप, चालणं, रोजची कामं किती अडली यावर ठरतं. केलेला व्यायाम तेव्हाही कामाला येतो. बाकी पाणी, टॉवेल, सैल सलवार, तुम्हाला कळतंच.

गणपतीला कोकणात जाणार असाल तर बसमध्ये दर दोन तासांनी उतरा. आणि गावच्या घरातला कमोड कोणाला तरी आधी मोजायला सांगा. मी सांगितलं नव्हतं.

काल रात्री जाऊबाईंचा फोन आला. पलंग १३, कमोड १५, आंघोळीचं स्टूल १०, सुतार रविवारी येतोय. म्हटलं, आणि सोफा? "अगं, तो काय मोजायचा, चांगला उंच आहे की."

"कोणाला तरी बसवा आणि आत्ता मोजा," म्हटलं, "मी फोन धरून ठेवते."