टॉर्चच्या रंग बदलणाऱ्या दिव्यावरून सेलची अवस्था कशी ओळखावी

टॉर्च बंद असताना बटणाखाली किंवा पुढच्या काचेआड मिणमिणत राहणारा रंगीत दिवा निव्वळ शोभेचा असतो, असं सांगणारे भरपूर भेटतात. तो सेल खातो म्हणून पहिल्याच दिवशी बंद करून टाका, हा त्यांचा पुढचा सल्ला. दोन्ही ऐकू नका. नीट लावला तर तो दिवा सेलमध्ये किती जीव आहे ते टॉर्च न पेटवताच सांगतो, आणि मंद ठेवला तर त्याला लागणारी वीज इतकी थोडी असते की हिशेबात धरू नये.

हे सगळं अँड्युरिल २ हे सॉफ्टवेअर असलेल्या टॉर्चबद्दल आहे. एमिसार, वुरकोस, सोफिर्न यांच्या एका बटणाच्या अनेक टॉर्चमध्ये ते असतं. टॉयकीपर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रोग्रामरने ते लिहून सगळ्यांसाठी खुलं ठेवलं आहे, त्यामुळे कंपनी बदलली तरी क्लिकांचे हिशेब बहुतेक तेच राहतात. चार्जिंगची पिन लावतात तिथला लाल-हिरवा दिवा वेगळा. तो फक्त चार्जिंग चालू आहे की संपलं एवढंच सांगतो. गल्लत करू नका.

सेल पूर्ण चार्ज करून घ्या. टॉर्चचं तोंड छताकडे ठेवा, डोळ्यांकडे किंवा अंगावरच्या कपड्यांकडे नको, कारण पुढे बटणाचे क्लिक सलग मोजून करायचे आहेत आणि मोजणी दोनवर तुटली तर टॉर्च एकदम पूर्ण ताकदीने पेटतो.

नवा टॉर्च सिंपल मोडमध्ये येतो आणि त्यात रंग बदलता येत नाहीत. टॉर्च बंद असताना दहा क्लिक करा, दहावा दाबून धरा. झाला ॲडव्हान्स्ड मोड.

आता दिव्याचा मंदपणा. बंद टॉर्चवर सात क्लिक केले की दिव्याची तऱ्हा बदलते: बंद, मंद, प्रखर, लुकलुकता. मंद ठेवा. प्रखर दिवा सेल खरोखर पितो. दिवा बंद ठेवण्याचा सल्ला मुळात या प्रखर दिव्याच्या अनुभवावरूनच निघाला असावा.

खरी गोची इथून पुढे. रंग निवडायलाही सातच क्लिक, पण सातवा दाबून धरायचा. दाबून धरलेलं असेपर्यंत साधारण सेकंदाला एक याप्रमाणे रंग पुढे सरकतात आणि बोट उचललं की समोर असेल तो पक्का होतो. क्रम असा: लाल, पिवळा, हिरवा, आकाशी, निळा, जांभळा, पांढरा, मग डिस्को, मग रेनबो, आणि सगळ्यात शेवटी आपल्याला हवा तो व्होल्टेज. व्होल्टेज म्हणजे ठरलेला रंग नाही. सेलच्या अवस्थेप्रमाणे बदलणारा रंग. मोडाचं नाव कुठेही दिसत नाही, हा दिवा फसवतो अशी लोकांची ओरड आहे ती यामुळेच. सेल भरलेला असला की व्होल्टेज मोडही जांभळा किंवा निळाच दिसतो. मधल्या जांभळ्यावर बोट उचललं तर टॉर्च दिसायला अगदी बरोबर लावल्यासारखा दिसतो, आणि सेल मरेपर्यंत जांभळाच राहतो. रात्री गडाच्या वाटेवर "माझा तर जांभळा होता!" म्हणणारे मी पाहिले आहेत. टॉर्च बिचारा निर्दोष असतो. मलाही हे हातात बसायला वेळ लागला, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

रंगांची नावं पाठ करू नका, हालचाल बघा. आधीचे सात रंग स्थिर असतात. मग डिस्को येतो, त्यात रंग वेड्यासारखे भराभर उडतात. त्यामागून रेनबो, त्यात ते क्रमाने आणि जरा दमाने सरकतात. ही दोन हलणारी सोंगं संपली की पुन्हा एक स्थिर रंग दिसतो. तोच व्होल्टेज. त्याच क्षणी बोट उचला. रेंगाळलात तर गाडी पुन्हा लालवर जाते आणि तुम्ही लाल पक्का करून बसता. सेल भरून घ्या म्हटलं ते यासाठीच: रिकाम्या सेलवर व्होल्टेजही लालच, त्याच्यापुढचा रंगही लाल, मग कुठे थांबायचं हे कळणार कसं?

दुसरी अडचण क्लिक मोजण्याची. क्लिक सलग आणि एका तालात हवेत, मध्ये किंचित थांबलात तरी तेवढ्यावर मोजणी संपते. तोंडाने मोजू नका, जीभ बोटाच्या मागे पडते. चार आणि तीन असे मनात गट करा, पण त्यांच्यात फट पडू देऊ नका. चारवर तुटलं तर टॉर्च लॉक होतो, परत चार क्लिक केले की सुटतो. पाचवर तुटलं तर मात्र लोकांचं धाबं दणाणतं. टॉर्च फक्त बटण दाबून ठेवलं तरच जळतो, सोडलं की विझतो, कितीही क्लिक केले तरी ताळ्यावर येत नाही. खराब झाला म्हणून परत पाठवणारेही आहेत. काही झालेलं नसतं. मागचं झाकण सैल करून पुन्हा आवळा, संपलं.

बोट उचलल्यावर लगेच खात्री करून घ्या. अर्धवट वापरलेला दुसरा सेल टाकून बघा. रंग बदलला तर व्होल्टेज मोड लागला आहे, नाही बदलला तर परत सात क्लिक, सातवा दाबून धरून. दुसरा सेल नसेल तर हाच वापरून थोडा उतरू द्या आणि मग बघा. ही तपासणी झाल्याशिवाय त्या दिव्यावर भरवसा ठेवून घराबाहेर पडू नये, असं माझं ठाम मत आहे.

आता वाचन. रंगांचा क्रम इंद्रधनुष्याचा: लाल म्हणजे खाली, जांभळा म्हणजे वर. नेमक्या कुठल्या व्होल्टला कुठला रंग, हे तुमच्याच टॉर्चवर मोजून घ्या. बंद टॉर्चवर तीन क्लिक केले की तो व्होल्ट उघडझाप करून सांगतो. चार वेळा, मग थोडं थांबून दोन वेळा, म्हणजे ४.२. शून्य असेल तर अगदी झटकन एकदाच लुकलुकतो. प्रत्येक रंगाला हा आकडा घेऊन कागदाच्या चिठोऱ्यावर लिहा आणि टॉर्चच्या पिशवीत टाका. लाल-हिरव्यातला फरक डोळ्यांना कळत नसेल तर रंग सोडा, हे तीन क्लिकच वापरा.

रंगांचे टप्पे सारखे वाटलेले नाहीत, हे मात्र कायम डोक्यात ठेवा. लिथियम-आयन सेल भरल्यावर ४.२ व्होल्टला असतो, मधला बराच काळ ३.९ ते ३.५ मध्ये सावकाश उतरतो आणि त्याच्याखाली घसरगुंडी लागते. म्हणून हिरवा दिसला की "अजून अर्धा आहे" म्हणून निर्धास्त होऊ नका. हिरव्यावर रात्रीच्या वाटेला लागायचं असेल तर जोडीला भरलेला सेल हवा. पिवळ्यावर निघूच नये. "लाल होईपर्यंत वापरा, मगच चार्ज करा" हा सल्ला जुन्या निकेल-कॅडमियम सेलच्या काळातला. लिथियमला पूर्ण रिकामं होणं मानवत नाही.

आणि रंग बघायचा तो टॉर्च थोडा वेळ बंद राहिल्यावर. पूर्ण प्रकाशावर चालत असताना सेलमधून मोठा प्रवाह जातो, सेलच्या आतल्या रोधामुळे व्होल्ट तेवढ्यापुरते दबतात आणि रंग एक-दोन पायऱ्या खाली दिसतो. टॉर्च बंद केला की थोड्या वेळाने तो वर येतो. सेल भरला नाही, दम खाऊन उभा राहिला एवढंच. थंडीतही रोध वाढतो, त्यामुळे हिमालयात पहाटे तंबूत वापरून नुकताच बंद केल्यावर लाल दिसलेला टॉर्च अंगाशी ऊब मिळाल्यावर बरा रंग दाखवू शकतो. तिकडे सेल स्लीपिंग बॅगमध्येच ठेवावेत. भर उन्हात मंद दिवा दिसतच नाही, मुठीत झाकून बघा.

सॅकमध्ये ठेवताना चार क्लिकांनी लॉक करा. या टॉर्चचा झोत कापडाला चटका देऊ शकतो. लॉक असतानाच्या दिव्याची सेटिंग वेगळी असते, तिथेही तेच सात क्लिक चालतात. मी लॉकमध्ये व्होल्टेज लुकलुकता ठेवतो, म्हणजे हात न लावता लॉक आहे हे कळतं. झाकण सैल करूनही टॉर्च बंद ठेवता येतो, पण मग रंगीत दिवाही विझतो.

मे अखेर ते जूनच्या सुरुवातीला भंडारदरा, घाटघर, पुरुषवाडीकडे काजवे बघायला जाणार असाल तर हा दिवा पूर्ण बंद करा. काजवे उजेडाच्या खुणांवर जोडीदार शोधतात. तिथे झाडाखाली डिस्को लावून उभं राहणाऱ्याला काय म्हणावं, ते इथे लिहिता येत नाही.

सेटिंगचा पुरता गोंधळ झाला तर झाकण सैल करा, बटण दाबून धरा, तसंच झाकण आवळा आणि टॉर्च हळूहळू प्रखर होत जाऊन थांबेपर्यंत बटण सोडू नका. सगळं मूळपदावर येतं. म्हणजे सिंपल मोडही परत येतो, तेव्हा पुन्हा दहा क्लिकांपासून सुरुवात.