टॉवेल कारखान्याच्या सफाईचे काम घेण्यापूर्वी
सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत टॉवेल कारखान्याच्या सफाईचे काम प्रथमच स्वीकारताना घरगुती व्हॅक्यूम क्लीनरवर विसंबू नये. यंत्रमागांखाली साचलेले, तेलाने चिकट झालेले कापसाचे तंतू त्याची जाळी पाहता पाहता बुजवतात, हवेचा प्रवाह मंदावतो आणि त्याच हवेवर थंड राहणारी मोटार जळू शकते. कॉम्प्रेसरच्या हवेने तंतू उडवणे मला त्याहूनही घातक वाटते, कारण ते छताच्या तुळयांवर व दिव्यांवर जाऊन बसतात आणि एखाद्या ठिणगीनेही पेट घेतात. सलग चालणारे औद्योगिक व्हॅक्यूम, मोठा फिल्टर आणि अर्थिंगची सोय असलेली, म्हणजे घर्षणाने साचणारी स्थिर वीज जमिनीत सोडणारी नळी घ्यावीच. पहिल्या कामापुरती ही सामग्री भाड्याने मिळाल्यास उत्तम. मागांचा वीजपुरवठा आधी बंद करून घ्यावा.